नाव, लक्षण आणि ओळख : 'दि डॉक्युमेंट्स इन द केस' या कादंबरीतील विषारी अळंबे

१

डॉरोथी एल्. सेयर्स आणि रॉबर्ट यूस्टेस यांनी मिळून लिहिलेली 'दि डॉक्युमेंट्स इन द केस' ही इंग्रजी कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. रॉबर्ट यूस्टेस हे डॉ. यूस्टेस बार्टन या वैद्यकीय व्यावसायिकाचे टोपणनाव होय. सेयर्सबाईंच्या कादंबऱ्यांपैकी लॉर्ड पीटर विम्झी हा त्यांचा नेहमीचा गुप्तहेर जिच्यात येत नाही, अशी ही एकच कादंबरी. रानात उगवणाऱ्या एका विषारी अळंब्याची ओळख हा तिच्या कथानकाचा कणा आहे. आणि या कणाविषयी आजवर जे बोलले गेले ते बहुधा 'तिच्यातील रसायनशास्त्र बरोबर की चूक' या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न नव्हे. निदान तेवढाच नव्हे. भाषेच्या अभ्यासकाला या कादंबरीत निराळीच गोष्ट लक्षवेधी वाटते. एखादी वस्तू 'ओळखणे' म्हणजे काय, तिचे नाव ठाऊक असणे आणि ती ओळखता येणे यांत अंतर किती, आणि ज्याला ओळखता येते त्याच्या ज्ञानाला न्यायासनापुढे किती किंमत, हे तीन प्रश्न या कादंबरीने उपस्थित केले आहेत. पहिल्या दोहोंचे उत्तर ती पात्रांच्या बाबतीत फार सूक्ष्मपणे देते. परंतु शेवटी कोडे सोडविण्याची वेळ आली की ती स्वतःच एका नावावर विसंबते आणि तिसऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरविते, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

२

कथानक थोडक्यात असे. हॅरिसन नावाचा प्रौढ गृहस्थ लंडनमध्ये आपल्या तरुण दुसऱ्या पत्नीसह, मार्गरेटसह, राहतो. स्वभावाने तो काटेकोर, काहीसा कंटाळवाणा. परंतु रानातील खाद्य वनस्पती व अळंबी यांचा त्याचा अभ्यास खरा आहे. ती वेचणे, रांधणे आणि त्यांविषयी लिहिणे हा त्याचा विरंगुळा. त्याच घरात लॅथम हा चित्रकार आणि मन्टिंग हा लेखक असे दोन तरुण बिऱ्हाडकरू येतात. लॅथम आणि मार्गरेट यांचे प्रेमसंबंध जुळतात. पुढे डेव्हन परगण्यातील एका एकाकी झोपडीवजा घरात हॅरिसन मेलेला आढळतो. लॅथम तेव्हा लंडनला गेलेला असतो आणि मन्टिंगला सोबत घेऊन परतल्यावर त्या दोघांनाच प्रेत दिसते. मृत्यूचे कारण मस्करिन हे विष. अ‍ॅमनिटा रुबेसेन्स या खाद्य अळंब्याऐवजी अ‍ॅमनिटा मस्कॅरिया हे विषारी अळंबे त्याने चुकून खाल्ले, असा निष्कर्ष निघतो आणि मृत्यू अपघाती ठरतो.

हा निष्कर्ष एका माणसाला मान्य नाही. परदेशातून परतलेला हॅरिसनचा मुलगा पॉल याचे म्हणणे एवढेच, की माझे वडील असली चूक करणार नाहीत. तो पत्रे जमवितो, निवेदने लिहवून घेतो आणि ते सारे बाड सरकारी अभियोग-संचालकांकडे पाठवितो. आपण जी कादंबरी वाचतो ती म्हणजे हे बाड. अखेरीस ध्रुवणमापक या उपकरणाने शंकेचे निरसन होते. सजीवांत तयार झालेले मस्करिन ध्रुवित प्रकाशाचे प्रतल वळविते. प्रयोगशाळेत जुळविलेले वळवीत नाही. हॅरिसनला मारणारे विष प्रतल वळवीत नाही. म्हणजे ते अळंब्यातून आलेले नाही, प्रयोगशाळेतील बाटलीतून आले आहे. लॅथमने ते मिळविले होते. त्याला फाशी होते.

३

आता ज्या दोन अळंब्यांच्या साम्यावर ही सारी इमारत उभी आहे, त्यांच्याकडे वळू.

आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. 'गाय म्हणजे कपिल वर्णाचा प्राणी' असे म्हटले तर पांढरी गाय सुटते. 'शिंगे असलेला प्राणी' म्हटले तर म्हैस आत येते. अळंब्यांच्या बाबतीत हे दोष केवळ तर्कातले राहत नाहीत. ते थेट ताटात येतात. अ‍ॅमनिटा मस्कॅरियाचे सर्वपरिचित लक्षण म्हणजे लाल छत्र आणि त्यावरील पांढरे ठिपके. युरोपातील मुलांच्या पुस्तकांतून हे चित्र इतके रुळले आहे, की अळंबे म्हटले की तेच डोळ्यांसमोर यावे. परंतु या लक्षणाचा पहिला अर्ध अव्याप्त आहे. जून झालेल्या, उन्हापावसात राहिलेल्या अळंब्याचा लाल रंग विटून नारिंगी-पिवळट होतो. दुसरा अर्ध दोन्ही दोषांनी युक्त आहे. ते पांढरे ठिपके म्हणजे कोवळेपणी अळंब्याला झाकणाऱ्या वेष्टनाचे छत्रावर राहिलेले तुकडे होत. पावसाने ते धुऊन जातात. शिवाय तसेच तुकडे रुबेसेन्सच्या तपकिरी छत्रावरही असतात, आणि अ‍ॅमनिटा पँथरिना या विषारी जातीच्या छत्रावरही असतात.

रुबेसेन्सची खरी खूण निराळी आहे आणि ती त्याच्या नावातच सांगितलेली आहे. लॅटिनमधील 'रुबेसेन्स' हे विशेषण 'लाल' या अर्थाचे नाही. ते आरंभवाचक क्रियापदापासून झालेले वर्तमानकालवाचक धातुसाधित आहे. त्याचा अर्थ 'लाल होऊ लागणारे'. या अळंब्याचा गर कापला, चुरगळला किंवा किड्याने पोखरला, की तो हळूहळू तांबूस-गुलाबी होतो. पँथरिनाचा गर पांढराच राहतो. मस्कॅरियाचाही लाल होत नाही. मात्र त्याच्या छत्राची साल सोलली तर खाली पिवळसर छटा दिसते. रुबेसेन्सच्या दांड्यावरील वलयावर बारीक रेषा असतात. पँथरिनाचे वलय बहुधा गुळगुळीत असते आणि त्याच्या बुंध्याच्या गड्ड्याला वरच्या बाजूस ठळक काठ असतो.

येथे व्याकरण आणि जीव यांची गाठ पडते. 'मस्कॅरिया' हे नाव माशी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. हे अळंबे दुधात घालून माश्या मारण्यासाठी वापरीत, ही त्यामागची प्रथा. लिनियसने १७५३ साली हेच विशेषण शास्त्रीय नामकरणात घेतले. म्हणजे हे नाव वस्तूचे वर्णन करीत नाही. माणसाने तिचा काय उपयोग केला ते सांगते. 'रुबेसेन्स' हे नाव मात्र एक क्रिया सांगते आणि त्या क्रियेबरोबर एक विधीही सुचविते : काप, आणि थांब. ज्याला नुसते नाव पाठ आहे त्याला ते अळंबे ओळखता येणार नाही. ज्याने कापून वाट पाहिली आहे त्याला नाव ठाऊक नसले तरी चालेल. (हे अळंबेही कच्चे खाल्ल्यास अपायकारक असते, नीट शिजविल्यावरच ते खाद्य. लेख वाचून कोणी अळंबी वेचू नयेत, हे सांगणे नकोच.)

हॅरिसन हा कापून वाट पाहणारा माणूस आहे. पॉलचा दावा नीट समजून घेतला तर त्याचा आशय हाच आहे. 'वडिलांना पुष्कळ माहिती होती' असे त्याला म्हणावयाचे नाही. माहितगार माणूसही चुकतो. वडिलांच्या हाताला जी सवय होती ती चुकू देणारी नव्हती, असे त्याला म्हणावयाचे आहे. परंतु सवय कागदावर उतरत नाही. बाडात पत्रे असतात, निवेदने असतात. हाताची सवय नसते. कादंबरीच्या नावातला 'डॉक्युमेंट्स' हा शब्द या ठिकाणी विलक्षण अर्थपूर्ण होतो.

४

या अंगाने पाहिले असता कादंबरीचा पूर्वार्ध हा तिचा सर्वांत समर्थ भाग आहे, असे म्हणावे लागते. या भागातील प्रत्येक पत्रलेखक दुसऱ्याला एका खुणेवरून ओळखू पाहतो. घरातील सोबतीण मिस् मिलसम आपल्या बहिणीला पत्रे लिहिते. तिच्या पत्रांतला हॅरिसन रुक्ष, जुलमी आणि हास्यास्पद आहे. मन्टिंगच्या पत्रांतला तोच हॅरिसन चिकित्सक, थोडा दयनीय, पण प्रामाणिक आहे. मार्गरेटच्या पत्रांत तो तिच्या सुखाच्या आड येणारा दगड आहे. त्याची स्वतःची पत्रे वाचली म्हणजे यांपैकी एकही वर्णन पुरते खोटे नाही आणि एकही पुरेसे नाही, हे ध्यानात येते. मिस् मिलसमचे लक्षण अतिव्याप्त आहे : कोणताही अबोल नवरा त्यात बसेल. मार्गरेटचे अव्याप्त आहे : तिच्यावर जीव लावणारा हॅरिसन त्यातून निसटतो.

या गैरओळखींचा कळस रात्रीच्या अंधारात घडलेल्या एका प्रसंगात होतो. मिस् मिलसम मन्टिंगवर आळ घेते. प्रत्यक्षात अंधारातला तो माणूस लॅथम असतो. मन्टिंगला घर सोडावे लागते. हॅरिसन निरपराध माणसाला विषारी समजून दूर करतो आणि विषारी माणसाला निर्धोक समजून आपल्या रानातल्या घरी नेतो. जो माणूस दोन अळंब्यांत गल्लत करणार नाही, तो दोन माणसांत करतो. लेखिकेने या विसंगतीचा कोठेही गाजावाजा केलेला नाही, आणि हीच तिच्या संयमाची खूण आहे. अळंब्याच्या बाबतीत हॅरिसनला ठाऊक होते, की एका खुणेवर विसंबू नये. छत्र, दांडा, वलय, बुंधा, गर, वास, जागा आणि ऋतू ही सारी एकत्र पाहावीत. माणसाच्या बाबतीत ही रीत त्याने वापरली नाही. आपल्यापैकी कोण वापरतो?

५

इथवर कादंबरीची पकड घट्ट आहे. उत्तरार्धात ती सैल होते, आणि ती रसायनाच्या चुकीने सैल होत नाही.

मन्टिंग एका पाद्र्याच्या घरी जेवावयास जातो. तेथे शास्त्रज्ञांमध्ये जीवोत्पत्तीविषयी चर्चा चालते आणि सजीवांतील रेणूंच्या डाव्या-उजव्या रचनेचा विषय निघतो. लुई पाश्चरने १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवरून जो शोध लावला, त्याची ही परंपरा. या संभाषणातून ध्रुवणमापकाची कल्पना निघते आणि तिथून फाशीपर्यंतचा मार्ग सरळ होतो. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप असा आला, की नैसर्गिक मस्करिनसुद्धा प्रतल वळवीत नाही; तेव्हा सारा पुरावा कोसळतो. पुढे शुद्ध स्वरूपात मिळालेले नैसर्गिक मस्करिन प्रतल वळविते असे सिद्ध झाले आणि १९५७ पर्यंत त्याची रचनाही निश्चित झाली. लेखकद्वयाची बाजू राखली गेली, असे समजून ही चर्चा सामान्यतः येथे थांबते.

ती येथे थांबू नये. 'मस्करिन' हा शब्द तपासून पाहावा. १८६९ साली श्मिडेबर्ग आणि कोप्पे यांनी अ‍ॅमनिटा मस्कॅरियापासून हे द्रव्य वेगळे केले आणि अळंब्यावरूनच त्याला नाव मिळाले. नाव मिळाल्यामुळे समजूत अशी दृढ झाली, की मस्कॅरियाचे विष म्हणजे मस्करिन. वस्तुतः या अळंब्यात मस्करिनचे प्रमाण अत्यल्प असते. त्याची बाधा मुख्यतः इबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल या द्रव्यांमुळे होते आणि त्यांची ओळख १९६० नंतरच्या दशकात पटली. मस्करिन विपुल प्रमाणात आढळते ते इनोसायबी आणि क्लिटोसायबी या प्रजातींतील काही जातींत. मस्करिनने घाम, लाळ व अश्रू अनावर वाहतात आणि नाडी मंदावते. मस्कॅरिया खाल्लेल्याला गुंगी आणि भ्रम होतो. त्याने मृत्यू येणे विरळा. म्हणजे एका नावाने साठ-सत्तर वर्षांहून अधिक काळ चुकीचा निर्देश केला, आणि कादंबरीचे कथानक त्या निर्देशावर रचले गेले.

दुसरे नाव याहून बोलके आहे. लॅथमने मिळविलेले विष 'कृत्रिम मस्करिन' म्हणून ओळखले जाते. या नावाचे एक द्रव्य एकोणिसाव्या शतकापासून प्रयोगशाळांत होते. कोलीनवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते बनवीत. परंतु ते मस्करिन नव्हेच. ते कोलीनचे एक निराळे संयुग आहे, असे यूअन्स यांनी १९१४ साली दाखविले होते. खऱ्या मस्करिनची रचनाच कळली नव्हती, तेव्हा ते प्रयोगशाळेत जुळविता येणे शक्य नव्हते. म्हणजे १९३० च्या सुमारास अशा बाटलीत जे असू शकत होते, त्याला दुसऱ्या वस्तूचे नाव चिकटलेले होते.

ही गोष्ट लेखकद्वयाला दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. इबोटेनिक आम्लाविषयी त्यांना ठाऊक असणे अशक्यच होते. कादंबरीकाराने रसायनाची परीक्षा द्यावयाची नसते. आक्षेप रचनेविषयीचा आहे. जी कादंबरी दोनशेहून अधिक पानांत 'माणसावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका' असे सुचविते, ती निर्णयाच्या क्षणी बाटलीवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर शंका घेत नाही. तिने 'हॅरिसनने कोणते अळंबे खाल्ले?' हा प्रश्न बदलून 'हे विष कोणत्या बाजूला प्रकाश वळविते?' हा प्रश्न घेतला. पहिला प्रश्न ओळखीचा होता, दुसरा मोजमापाचा आहे.

पहिला प्रश्नही अनुत्तरित राहणारा नव्हता. रुबेसेन्सचे बीजाणू आयोडीनयुक्त द्रावणात निळसर-करडे होतात. मस्कॅरियाचे होत नाहीत. शिजलेल्या अन्नातही बीजाणू सापडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जात ओळखता येते. आजचा तपासनीस उरलेल्या अन्नाचा कण घेऊन प्रथम हेच करील; मग मस्किमॉल आहे की नाही ते पाहील. रुबेसेन्सचेच बीजाणू सापडले आणि मस्किमॉल मुळीच नसून मस्करिन मात्र मुबलक असले, तर हॅरिसनने बरोबर तेच अळंबे वेचले होते, हे सिद्ध होईल. अशा पुराव्याने लॅथम तर पकडला जाईलच. पण त्याआधी हॅरिसनचे ज्ञान खरे ठरेल. ध्रुवणमापकाने लॅथमचा अपराध सिद्ध होतो. हॅरिसनच्या पारखीविषयी तो काहीच सांगत नाही. ती केवळ ओघाने गृहीत धरली जाते.

यावर असे म्हणता येईल, की रहस्यकथेला एकच निर्णायक पुरावा लागतो आणि प्रकाशाच्या वळणाइतका देखणा पुरावा दुसरा मिळणे कठीण. हे मान्य केले पाहिजे. सजीव आणि निर्जीव यांमधील सीमा एका किरणाच्या कलण्याने दिसावी, ही कल्पना खरोखर मोठी आहे, आणि मन्टिंगने ती ऐकताना अनुभवलेली अस्वस्थताही खरी आहे. कारण त्याला कळते, की हे उपकरण त्याच्या जुन्या मित्राच्या गळ्याभोवती फास टाकणार आहे. कादंबरीचे नैतिक वजन या अस्वस्थतेत आहे. परंतु त्या वजनाने तराजू मन्टिंगच्या बाजूला झुकतो आणि पॉलचा मूळ दावा हवेत राहतो.

६

हा दावा मराठी वाचकाला दूरचा वाटू नये. इंग्रजीत खाद्य अळंब्याला एक आणि विषारी अळंब्याला दुसरा असे दोन लौकिक शब्द आहेत; वनस्पतिशास्त्राला तो भेद मान्य नाही. मराठीतही 'अळंबे' आणि 'कुत्र्याची छत्री' हा भेद याच जातीचा आहे. एकाच शब्दाने शेकडो निरनिराळ्या जाती वर्ज्य ठरवून मोकळे होणे ही भाषेची काटकसर आहे, आणि बहुतेक वेळा ती शहाणपणाचीही असते. पण पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात वारुळावरची अळंबी वेचणारी माणसे या दोन शब्दांवर विसंबत नाहीत. ती जागा पाहतात, वारूळ पाहतात, पावसानंतरचे दिवस मोजतात, दांडा मातीत किती खोल गेला आहे ते बघतात. त्यांची लक्षणे कोणत्याही ग्रंथात नसतात. ती वेचणाऱ्याकडून त्याच्यासोबत चालणाऱ्याकडे जातात.

आणि कोठे विषबाधा झाली, की आपण सहज लिहितो : 'चुकून विषारी अळंबी खाल्ल्याने.' या वाक्यातील 'चुकून' हे क्रियाविशेषण तपासावे. ते घटनेचे वर्णन केल्यासारखे दिसते. वस्तुतः तो निवाडा असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो दिला जातो तो बोलावयास उरलेला नसतो. अनेकदा तो निवाडा बरोबरही असेल. अ‍ॅमनिटा प्रजातीने अनुभवी माणसांनाही फसविले आहे. परंतु बरोबर असणे आणि तपासलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डेव्हनमधील त्या चौकशीत हाच शब्द हॅरिसनच्या माथी मारला गेला आणि सर्वांना तो पटला; कारण विक्षिप्त, स्वयंशिक्षित माणूस चुकला असेल हे पटणे नेहमीच सोपे असते.

सेयर्स आणि यूस्टेस यांच्या कादंबरीचे स्थान ठरविताना ही बाजू जमेस धरली पाहिजे. एका मुलाने 'चुकून' या एका शब्दाविरुद्ध उभा केलेला खटला, हा तिचा खरा विषय आहे. तो खटला तिने उत्तम रीतीने उभा केला, साक्षीदारांच्या तोंडून माणसे ओळखण्यातील आपले दारिद्र्य उघड केले, आणि मग दुसऱ्याच मुद्द्यावर तो जिंकला. खुनी सापडला. परंतु अळंबे कापून रंग पालटण्याची वाट पाहत बसलेल्या त्या माणसाची साक्ष अखेरपर्यंत कोणी घेतली नाही.